पाचशेचं डिझेल

माझ्या दिरानं आयुष्यात पंपावर 'लिटर' हा शब्द तोंडातून काढला नसेल. काच खाली करायची, नोट बाहेर धरायची आणि म्हणायचं, "टाक पाचशेचं." आमच्याकडं सगळेच तसं करतात म्हणा. हदगावपासून नायगावपर्यंत कोणत्याही पंपावर उभं राहून बघा. पण बाकीचे त्यावरून कोणाला चोर ठरवत नाहीत. यांनी ठरवलं.

गाडी आमची साझ्यातली. माझे मालक गेल्यापासून अर्धी माझी, अर्धी दिराची. नांदेडात आमची घरं एकाला एक लागून, गाडी मधल्या गेटात. लातूरला माझी धाकटी बहीण अर्धांगानं पडून आहे. दर पंधरा दिवसांनी मी सकाळी टाकी फुल करून जाते, तिला न्हाऊ घालते, केसाला तेल लावते, संध्याकाळी परत. चालवायला शेजारच्या गल्लीतले एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला अक्का. दीर मात्र स्वतः चालवतात. माझ्या दोन फेऱ्यांच्या मधे दोनदा हदगावकडं, शेतावर.

तर एक दिवस कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर, आठ-दहा माणसांत, दीर भाऊंना म्हणाले, "मी हदगावला दोनदा जाऊन येतो, हजार रुपयांत. लातूरचं जाणं-येणं तेवढंच. तुम्ही गेलात की चोवीसशे लागतात. मधलं डिझेल कोणत्या कॅनमधी जाऊन राहिलं?"

भाऊ चहा तसाच ठेवून उठले. माझ्या ओट्यावर येऊन बसले. पाणी दिलं तर घेतलं नाही. "अक्का, डेपोत कोणाची गाडी लिटरला किती गेली, याची यादी भिंतीला लागायची. माझं नाव कधी खाली गेलं न्हाई. आता ह्या वयात डिझेलचोर?"

खरं सांगते, दिराचा राग मला जुनाच होता. त्याला आता जागा मिळाली. मी म्हटलं, "भाऊ, ती डेपोतली रीत मला शिकवा."

रीत सोपी निघाली. नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची. किलोमीटर लिहून ठेवायचे. फिरून आलं की त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची. दुसऱ्यांदा जेवढे लिटर मावले, तेवढे गाडीनं पिले. किलोमीटरला लिटरनं भागलं की ॲव्हरेज. रुपयांकडं बघायचंच नाही. भाव आज हा, उद्या तो. लिटर तेवढाच राहतो. मी चौथी शिकलेली बाई, मला पाच मिनिटांत कळलं. दीर बी.ए. आहेत.

पुढच्या फेरीला तसंच केलं. दोनशे ब्याण्णव किलोमीटर झाले, सव्वाअठरा लिटर मावलं. लिटरला सोळा. सोळाशे ऐंशी रुपये, चोवीसशे नव्हे. भरलेली गाडी मी गेटात लावली आणि दिराला काही बोलले नाही. त्यांनी आपल्या दोन फेऱ्या केल्या, आपलं दोनदा पाचशेचं टाकलं. मग मी भाऊंना घेऊन पंपावर गेले. कोणी लातूरला गेलेलं नाही, तरी टाकीत आठ लिटर मावलं, सातशेच्या वरचं.

म्हणजे बघा. दीर हजाराचं टाकून सतराशेचं जाळत होते. कमी पडलेलं माझ्या टाकी फुलमधी भरलं जात होतं आणि नाव भाऊंचं होत होतं.

पंपाच्या दोन्ही पावत्या घेऊन मी दिराच्या दारात गेले. भाऊ मागं उभे.

"वैनी, तुम्ही आता पंपच काढा," दीर हसत म्हणाले.

"काढीन. पण तुम्हाला पाचशेचं देणार न्हाई. किती लिटर ते बोलावं लागेल."

पावत्या त्यांनी उलट्यासुलट्या केल्या. हसणं गेलं. "बरं, असेल चूक. कोणी मुद्दाम केलं का? आठ लिटरचे पैसे देऊन टाकतो."

भाऊ म्हणाले, "पैसे अक्काचे, ते त्यांना द्या. माझं काय ते टपरीवर चला अन् त्याच माणसांपुढं सांगा."

"घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू ना."

"बोलले तेव्हा घर आठवलं न्हाई."

दीर म्हणाले, मला चार लोकांत उभं राहायचं असतं, गावाकडं माझा शब्द चालतो. जसं काही भाऊंना चार लोकांत उभंच राहायचं नव्हतं. मी तोंडावर म्हटलं, "भाऊजी, तुमचा शब्द पाचशेच्या वर जात न्हाई." जाऊबाई आतून बाहेर आली आणि मला म्हणाली, परक्या माणसासाठी घर मोडू नका. मी म्हटलं, परका तू कोणाला म्हणतेस ते आधी बघ.

भाऊंनी चावी माझ्या हातात दिली. "तुमच्याशी वाकडं न्हाई, अक्का. पण त्या गाडीला आता हात लागणार न्हाई." टपरीवरही ते जात नाहीत. चहा घरीच पितात.

पंधरा दिवसांनी दिरानं विचारलं, लातूरला सोडू का. मी म्हटलं, आधी टपरीपर्यंत जाऊन या. ते अजून गेले नाहीत. मी एसटीनं जाते. अर्ध्या तिकिटात खिडकी मिळते, फक्त पोचायला उशीर होतो आणि बहिणीला न्हाऊ घालेपर्यंत ऊन कलतं. ती कुरकुर करते, गाडी असून बसनं का येतेस म्हणते. मी तिला सगळं सांगितलं. ती पडल्यापडल्या म्हणाली, "मग उशिराच ये."