शमाच्या फुफीने घेतलेली मुलाखत

माणसाचं पोट न उघडता आत काय दडलंय ते सांगणारी बाई साऱ्या पुण्यात मी एकच पाहिली. ती म्हणजे माझ्या मैत्रिणीची, शमाची फुफी. फुफी म्हणजे आत्या. उभा जन्म तिनं इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढला होता, आणि उभा म्हणजे अक्षरशः उभा. निवृत्त झाल्यावरही तिला बसायला जमलं नाही. मंडईमागच्या त्यांच्या दोन खोल्यांत ती चहासुद्धा उभ्यानं प्यायची. घरातली प्रत्येक वस्तू दोनदा मोजायची: कप, चमचे, दारातल्या चपला, दोरीवरचे चिमटे. एकदा माझ्यादेखत मेथी घेता घेता ती भाजीवाल्याला म्हणाली, "मेथी राहू दे. पायांवर ही सूज कधीपासून?" तो म्हणाला, "अहो, दिवसभर उभा असतो मी." "मीही असते. हे बघ माझे पाय," म्हणत तिनं भर मंडईत साडी घोट्याच्या वर उचलली. पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोनं डोळे पुसत तिच्या पिशवीत दोन जुड्या घातल्या. नवऱ्याची साखर वाढलेली वेळेवर सापडली होती. फुफी म्हणाली, "मला कशाला? ह्या त्यालाच खायला घाल."

मी नर्सिंग शिकलेली, तीन वर्षं वॉर्डात काम केलेली, पण लेकीच्या जन्मानंतर सात वर्षं घरी. ती शाळेत रुळल्यावर मी स्टाफ नर्सच्या दोन मुलाखती दिल्या, आणि दोन्हीकडे अर्ध्यावरच माझी दातखीळ बसली. तिसरीचं बोलावणं आलं तेव्हा शमानं मला धरूनच फुफीपुढे नेलं. फुफीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"येत नाही म्हणून घाबरतेस, की येत असून घाबरतेस?"

"येत असून."

"मग सोपं आहे. उद्यापासून चार वाजता. वाघोलीहून येणार ना? ट्रॅफिकचं कारण मला सांगायचं नाही. ते मी सर्जनचंही ऐकून घेतलेलं नाही."

मग सुरू झाली ती तयारी मी जन्मात विसरणार नाही. कॉटवर शाल पांघरून एक लोड निजवलेला असे. तो पेशंट. मी त्याला लोड म्हटलं की फुफी म्हणे, "त्यांना नाव आहे. चव्हाणकाका." प्रश्न कधी येईल याचा नेम नसे. कणीक मळता मळता ती एकदम विचारी, "काकांचं ब्लडप्रेशर खाली चाललंय आणि तुझ्या तोंडात नानकटाई. काय करशील?" मी नानकटाई गिळून पुस्तकातली व्याख्या म्हणू लागले की, "व्याख्या काकांना नकोय. ते घाबरलेत. आधी त्यांच्याशी बोल." आणि मी, एका मुलीची आई, त्या लोडाशी खरोखर बोलू लागले. पाचव्या दिवशी शमाचा भाऊ ऑफिसातून दमून आला आणि लोडावर रेलला. मी ओरडले, "अहो, सलाईन आहे त्या हाताला!" फुफी शांतपणे म्हणाली, "लागलीस तू नोकरीला. कागद काय, मागून येईल."

सातव्या दिवशी तिनं विचारलं, "तुझ्या हातून झालेली एखादी चूक सांग."

मी मोबाईलवर ऐकून पाठ केलेलं सांगितलं, "मी कामात जरा जास्तच झोकून देते."

कणकेतला तिचा हात थांबला. "हे तिथं सांगितलंस तर निघताना दार नीट ओढून घे."

दोन्ही मुलाखतींत ह्याच प्रश्नाला माझी वाचा गेली होती. आजही जाणार असं वाटलं, पण फुफी नुसती बघत राहिली आणि कुणाला कधी न सांगितलेलं मी तिला सांगून बसले. एका आजींचं सलाईन मी फार वेगानं सोडलं होतं. वीस मिनिटांनी लक्षात आलं तेव्हा बंद केलं. आजींना काही झालं नाही, पण मी ते चार्टवर लिहिलं नाही, कुणाला कळवलं नाही. सात वर्षं त्या आजी माझ्या मनातून हलल्या नव्हत्या.

फुफीनं कोपरापर्यंत हात धुतले. आणि ती चक्क खुर्चीवर बसली.

"पोट शिवायच्या आधी आत वापरलेली कापडं मोजायची असतात," ती म्हणाली. "सर्जन घाईत होते. विचारलं, 'सिस्टर, बरोबर?' मी म्हटलं बरोबर. घरी येऊन पोळ्या लाटताना वाटायला लागलं, एक कमी होतं. तव्यावरची पोळी तशीच टाकून परत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. बाईचं पोट पुन्हा उघडलं. कापड निघालं. बाई वाचली. माझी बढती गेली."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण बाई भुलीत होती, शुद्धीवर मीच होते. मग सांगायचं कुणी?"

दोरीवरच्या चिमट्यांकडे बघायचाही मला धीर झाला नाही.

मुलाखतीला तिघं होते: एक डॉक्टर, एक वयस्क मेट्रन आणि लॅपटॉपवाला एक तरुण. त्या तरुणानंच चुकीचं विचारलं. मी आजींची गोष्ट सांगितली. त्याची बोटं थांबली. मेट्रननी चष्मा काढला.

"कळवलं का नाही?"

"नोकरी जाईल म्हणून."

"आणि उद्या असं झालं तर?"

"आधी पेशंटकडे, मग तुमच्याकडे, मग चार्टवर. नोकरीचा विचार त्यानंतर."

चार दिवसांनी फोन आला. रुजू होण्याचा फॉर्म हाती देताना मेट्रन कोरडेपणानं म्हणाल्या, "बाकी सगळ्यांची चूक एकच होती. फार काम करतात."

त्या फॉर्मवर ओळखीच्या एका माणसाचं नाव हवं होतं. मी पेन उघडलं आणि तेव्हा ध्यानात आलं, फुफीचं नाव मला माहीतच नाही. संध्याकाळी जाऊन विचारलं, तर तीही क्षणभर थांबली. "थिएटरात सिस्टर, घरात फुफी. नाव लागतं कुणाला?" मग तिनं सांगितलं, दुसऱ्याच कुणाच्या केसपेपरवरून वाचावं तसं, हळू. नाव फार सुंदर होतं. मी लिहिलं. तिनं फॉर्म मागून घेतला आणि त्या अक्षरांखाली बोट ठेवलं.

"अक्षर सुधार," ती म्हणाली.

पण फॉर्म तिनं लगेच परत दिला नाही. चहा आला, निवला, तरी ती तो मांडीवर धरून बसूनच होती.