कंपनीचं दावं

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय वापरली नाही, आणि उघडून पाहिल्यावर त्यातल्या बहुतेक वस्तू वापरण्याजोग्या राहिल्या नाहीत. आमचे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला सेलूला, कापसाचं शेत गावापासून थोडं लांब. इतर माणसं सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात तिथं यांचा पेचकस असायचा. माझ्या लग्नात मला सासरकडून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तर इकडं मंगलाष्टकं चालू असताना तिकडं पहिल्या रांगेत बसून साडूंनी ते मांडीवर खोललं. अक्षता टाकायला त्यांचा हात मोकळा नव्हता, कारण मुठीत स्क्रू होते. पुढं ते घड्याळ आमच्याकडं वाटेल तेव्हा वाटेल तितके ठोके देत राहिलं आणि आमच्या संसाराला त्याची सवय झाली. घरचा मिक्सर त्यांनी असाच 'साफ' केला, तेव्हापासून चटणी भांड्यात राहीना, झाकणाला जाऊन चिकटे. एकदा डॉक्टर त्यांचा रक्तदाब मोजत होते, तर यांनी पट्टा दंडावर असतानाच मोकळ्या हातानं यंत्राचं बूड फिरवायला घेतलं. डॉक्टर ओरडले तेव्हा शांतपणे म्हणाले, "दाब माझा हाय, फी माझी हाय. मग आत काय चाललंय ते मला बघू द्या की!"

या सगळ्यामागं त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. ते त्यांनी मला चहाबरोबर, जेवणाबरोबर आणि एकदा सेलूच्या फलाटावर गाडी हलायला लागलेली असताना ऐकवलं होतं. "साडूभाऊ, इकत घेतलं म्हंजे आपलं. बयनामा झाला, कब्जा आला, मग त्या जमिनीत ज्वारी पेरायची का हीर खांदायची ते जुना मालक सांगंल का? तसंच हे. रेडू आपला तर आतला तारबी आपला." हे ऐकून कुणालाही वाटावं की मालकीच्या बाबतीत मनुष्य मोठा उदार असणार. पण त्यांची स्वतःची एक बांबूची शिडी होती आणि ती मागायला गेलेला माणूस घाम पुसत बाहेर यायचा. शिडी उभी न्यायची, आडवी नाही. ज्या भिंतीसाठी मागितली त्याच भिंतीला लावायची. वर चढून दुसऱ्याच्या अंगणात बघायचं नाही, पुढं कुणाला द्यायची नाही आणि काही झालं तरी तिला खिळा मारायचा नाही. या अटी मागणाऱ्यानं उंबऱ्यात उभं राहून मोठ्यानं परत म्हणून दाखवायच्या, मगच शिडी हलायची. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "आता कुठं गेलं तुमचं आपलं ते आपलं?" तर माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "शिडी मी इकली न्हाई, वापराया दिली हाय. फरक कळंना का तुमाला? एवढं शिकून?" स्टेशन रोडवरच्या टीव्हीच्या दुकानदारानं अँटेना लावायला ती शिडी नेली आणि उंची कमी पडली म्हणून वर फळीचा तुकडा ठोकला. त्या शेठशी साडू कापसाची वेचणी संपेपर्यंत बोलले नाहीत.

हे असं हसत-खेळत चाललेलं असताना अक्कांच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या, हाताला संधिवात धरला. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागायच्या वर्ष-दोन वर्षं आधीची ही गोष्ट. डावा हात बरा होता, पण उजव्याची बोटं आखडत चालली. अक्कांची भाकरी सगळ्या नात्यात नावाजलेली, ती थापणं बंद झालं आणि त्यांचं बोलणंही कमी झालं. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेलेली, घरात दोघंच. डॉक्टरांनी बजावलं होतं की हात चालता ठेवा, नाहीतर आहे तेही जाईल. त्यासाठी दाबायला एक रबरी चेंडू दिला, पण आल्यागेल्यासमोर चेंडू दाबत बसायची अक्कांना लाज वाटे. मग एकदा दोघं आमच्याकडं परभणीला आले. आमच्या घरी तेव्हा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम नुकताच आला होता. अक्कांनी तो हातात घेतला. पडद्यावरचा टोपीवाला बुटका खड्ड्याशी आला की उडी मारायचं बटण दाबायचं, एवढाच खेळ. पण बटण हरभऱ्याएवढं, अक्कांच्या अंगठ्याखाली ते दबेना आणि बुटका दर वेळी खड्ड्यात. दर वेळी अक्का अशा हसायच्या की पदर तोंडाला लावावा लागे. साडू दारात उभे राहून ते बघत होते. बुटक्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. जाताना मला एवढंच म्हणाले, "लय दिसांनी हसली."

दुसऱ्याच दिवशी साडू तसाच गेम घ्यायला निघाले आणि मला सेलूला बोलावणं आलं, कारण खोक्यातला कागद इंग्रजीत होता. दुकान तेच, शिडीला फळी ठोकणाऱ्याचं. अक्कांसाठी साडूंनी तेही गिळलं होतं. मी कागद वाचून सांगितला: डबा उघडू नये, आत फेरफार करू नये, यंत्र तुमचं, पण आतला खेळ कंपनीचाच राहील, तुम्हाला फक्त तो खेळायची परवानगी आहे.

"म्हंजे बैल माझा," साडू म्हणाले, "आन् त्याची चाल कंपनीची?"

"तसंच काहीसं."

मला वाटलं, आता हे दुकान डोक्यावर घेणार. पण साडू विचारात पडले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "आसं व्हय! आवो, मग सरळ म्हणा की कंपनीला दावं पायजे!" आमच्याकडं जनावर विकलं की विकणारा त्याच्या गळ्यातलं दावं सोडून स्वतःकडं ठेवतो आणि घेणारा आपलं दावं आणतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. कंपनीही आपल्यासारखीच रीत पाळणारी निघाली, याचा साडूंना मनापासून आनंद झाला. त्यांनी खोक्यातून वीज जोडायचा अडॅप्टर त्याच्या वायरीसकट उचलला आणि दोन्ही हातांनी शेठपुढं धरला. "हे कंपनीला पोचतं करा. आता बैल चालीसकट माझा."

शेठ घाबरला. "मालक, त्याच्याबिगर चालणार न्हाई वो ते."

"दावं आमचं आमी आणतो," साडू म्हणाले आणि खोकं काखेत मारून चालू लागले.

त्यांनी आणलेलं दावं म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी. माजघरात टीव्ही लाइटवर आणि गेम ट्रॅक्टरवर असा कारभार सुरू झाला. घरी पोचताच त्यांनी सील तोडून डबा उघडला होता, हे सांगायलाच नको. पण या वेळी, आयुष्यात पहिल्यांदा, उघडलेली वस्तू सुधारली. विहिरीवरच्या मोटारीचा जुना स्टार्टर पडून होता, त्याची बटणं काढून त्यांनी पाटावर बसवली आणि वायरींनी गेमला जोडली. हिरवं बटण उडीचं, लाल गोळीचं. बटणं पेढ्याएवढी, बोटांची गरजच नाही, अक्का आखडलेल्या हाताच्या मुठीनं ठाणकन दाबायच्या आणि बुटका टुणकन खड्ड्यापार व्हायचा. सकाळी सालगडी बॅटरी न्यायला यायचा. "मालकीणबाई, नांगरट खोळंबलीय." अक्का पडद्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "थांब रे, एवढा पूल पार होऊ दे." मग तोही उकिडवा बसायचा आणि थोड्या वेळानं पूल पार करायचे सल्ले द्यायचा. त्या वर्षी साडूंच्या रानात ट्रॅक्टर कमी फिरला आणि अक्कांचा हात जास्त. मनगट मोकळं झालं, आवाज मोकळा झाला, शेजारणी सुपारी कातरत खेळ बघायला येऊ लागल्या.

आणि एके दिवशी चार्ज करून आणलेली बॅटरी साडूंनी उलटी जोडली. डब्यातून धूर निघाला, बुटका हवेतच थांबला आणि पडदा काळा झाला. अक्का पाट भिंतीला लावून आत गेल्या. त्या संध्याकाळीच साडूंनी मला परभणीहून बोलावून घेतलं. सकाळी डबा आणि बटणांचा पाट काखेत मारून साडू मला घेऊन दुकानात हजर.

"ग्यारंटी हाय. बदलून द्या."

शेठनं डबा उलटा केला. "सील कुणी तोडलं?"

"मी." हे त्यांनी छाती काढून सांगितलं. "माझी वस्तू हाय."

"मग जळली ती बी तुमचीच." शेठनं पाटावरची हिरवी-लाल बटणं पाहिली आणि त्याच्या मनातलं जुनं दुखणं वर आलं. "मालक, तुमची शिडी तुमी मला इकली व्हती का? न्हाई. वापराया दिली व्हती. मी एक खिळा मारला तर सगळ्या पेठेत बोलला. कंपनीनं तिचा खेळ तुमाला वापराया दिलाय, आन् तुमी त्याच्यात मोटारीचा स्टार्टर मारला!"

साडूंनी खिशाचा पेचकस काढला आणि परत खिशाला लावला. दुकानात बघ्यांची गर्दी झाली होती, सगळे साडूंच्या उत्तराची वाट बघत होते. मला हसू आवरेना, म्हणून मी अँटेनांच्या किमती विचारू लागलो. योगायोगानं कंपनीचा माणूस त्या दिवशी औरंगाबादहून आला होता. तो भला होता. म्हणाला, जुना डबा परत द्या, नवा घेऊन जा, पण डबा उघडणार नाही, आत काही बदलणार नाही, एवढं लिहून सही करा.

साडूंच्या लेखी सही म्हणजे काय ते मी सांगतो. जनावरांच्या बाजारात नुसत्या शब्दावर त्यांनी बैल दिले-घेतले होते आणि दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता. सही केली की तो डबा कायमचा बंद. त्यांनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती घरी वाट बघायलीय," आणि सही केली. शेठनं गल्ल्याखालून तो पहिला अडॅप्टर काढून त्यांच्या हातात ठेवला. वायर नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती. दुसऱ्याचं दावं टाकून द्यायची त्याची हिंमत झाली नव्हती.

नवा डबा आला खरा, पण बटण पुन्हा हरभऱ्याएवढं. अक्कांनी दाबून पाहिलं, बुटका खड्ड्यात. पुन्हा खड्ड्यात. या वेळी अक्का हसल्या नाहीत. तेव्हा साडू त्यांच्या उजव्या अंगाला येऊन मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तू चालीव. उडी मी मारतो." पुढं सेलूच्या मुक्कामांत कित्येक संध्याकाळी मी ते दृश्य पाहिलं. अक्का डाव्या हातानं बुटका पळवायच्या आणि ओरडायच्या, "उडी! आवं, उडी!" साडू बटण दाबायचे, जरा उशिरा.

"कवा दाबायलाव तुमी?"

"तू म्हणलीस तवाच दाबलं."

"खड्ड्यात पडल्यावर?"

"मग आधी म्हणायचं की!"

भांडण जुंपायचं आणि बुटका पुन्हा पहिल्यापासून चालू लागायचा. मुलगी सासरी गेल्यापासून त्या घरात इतकं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

एकदा न राहवून मी साडूंना म्हणालो, "अहो, बाहेरूनच एक लाकडी दांडी बसवा. वरून मुठीनं दाबली की खाली बटण दबेल. डबा उघडायला नको, अट मोडायला नको."

त्यांनी घाईघाईनं मला ओसरीवर आणलं आणि माजघराच्या दाराकडं एकदा बघून घेतलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "दांडी मला सही करायच्या आधीच सुचलीय. पर दांडी बसवली की ती एकटीच खेळंल. तिला सांगू नका."

मी अक्कांना कधीच सांगितलं नाही. आता फार सांगावंसं वाटतं, तर अक्का नाहीत.