सुईवाल्या सरांची चूक

सुईवाल्या सरांना कुणी पेलाभर पाणी दिलं, तर ते आधी त्यात दोन काळ्या कांड्या बुडवत आणि मगच पाणी पीत. यजमानाचा चेहरा उतरे, पण सरांना त्याचं भान नसे. जुन्या सेलमधल्या त्या कोळशाच्या कांड्या एका लाकडी खोक्याला जोडलेल्या होत्या. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी खोक्यावरची सुई पुढे सरके. अनसिंगच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. त्यामुळे यंत्रांविषयी मत देण्याचा मला पूर्ण अधिकार आहे, असं मी समजत असे.

शहात्तर-सत्त्याहत्तरचा तो सुमार. रासायनिक खत अजून नवलाईचं होतं. लोक ते पाटाच्या पाण्यात सोडत आणि शेतभर पोचलं असं धरून चालत. सर म्हणत, "वाढलं म्हंजे जेवलं, असं कसं म्हनता? पाह्यलं कोनी?"

शाळेमागे गंगूकाकूंचं शेत होतं. त्या एकट्या शेती पाहत. खालच्या पट्ट्यातला त्यांचा गहू पिवळा पडला होता. जमीनच हलकी आहे, असं सगळे सांगत. काकू सरांना म्हणाल्या, "दोन आठवडी बाजार वाट पाहीन, मंग गव्हात गुरं सोडीन."

खत खालपर्यंत पोचतं का ते दाखवायला सरांनी आठ-दहा जणांना गोळा केलं, पाटात युरिया टाकला आणि कांड्या बुडवल्या. सुई साध्या पाण्याच्या खुणेपुढे सरकली नाही. लोक हसले, सर्वांत मोठ्याने मी हसलो. सर खोका उचलून घरी गेले.

पुढचे चार दिवस त्यांनी एकेक खत पेल्यात कालवून तपासलं. पाचव्या दिवशी तीच माणसं त्यांनी पुन्हा बोलावली.

"माही चूक झाली," ते म्हणाले. "युरियानं पान्यातून जानारी वीज वाढत नाही, म्हून सुईले तो दिसत नाही. अमोनियम सल्फेट दिसते. हे मी आदी तपासाले पाह्यजे होतं."

चारचौघांत असं बोलू नये, असं मी त्यांना हळूच सुचवलं. ते म्हणाले, "पोरायची उत्तरं आपन लाल शाईनं कापतो. मंग माहं कोन कापीन?" मला माझ्या हसण्याची लाज वाटली. सरांवर माझा जीव जडला तो त्या दिवसापासून.

मग काकूंनी नेहमीसारखं पाटाच्या तोंडाशी सल्फेट टाकलं. वरच्या वाफ्यांत सुई पार टोकाला गेली. पाणी खालच्या पट्ट्यात पोचलं, तेव्हा तिथे ती जेमतेम हलली. सगळं खत वरच्यांनीच खाल्लं होतं.

"काकू, पंगतीत सारी भाजी पयल्याच पानावर वाढता का तुमी?" सरांनी विचारलं.

त्या दिवसापासून काकू ज्या वाफ्यात पाणी सोडत, त्याच्याच तोंडाशी मूठभर खत टाकू लागल्या. दुसऱ्या बाजाराच्या आत खालचा गहू हिरवा झाला. गुरं गोठ्यातच राहिली.

पुढे सरांची बदली झाली. नंतर पुष्कळ वर्षांनी एक साहेब चकचकीत यंत्र घेऊन काकूंच्या शेतावर आला आणि त्याचे गुण सांगू लागला. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याले काय दिसत नाही, ते सांगा."

"याला सगळं दिसतं," साहेब म्हणाला.

काकूंनी त्याला चहा पाजला, पण पाटाजवळ काही जाऊ दिलं नाही.