दहावीपर्यंत लिपस्टिक नाही म्हणजे नाही!

परवा आमच्या गावची मंडई होती. गोंदियाकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो... दिवाळी झाली की आमच्याकडे एकेका गावात मंडई भरते. दुकानं लागतात, आमचं नाचगाण्याचं लोकनाट्य म्हणजे दंडार होते, नाटक होतं आणि घरोघरी पाहुण्यांची गर्दी.

आमच्या घरी मात्र यंदा पाहुणे नव्हते. माझी बायको सुनीता होती तेव्हा मंडईला घरात पाय ठेवायला जागा नसायची. ती जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी लोक आले, दुसऱ्या वर्षी फोन आले... यंदा तेही नाही.

आता घरात मी आणि माझी पोरगी पूर्वा, आठवीतली. आणि आम्ही दोघंही चार दिवसांपासून एकमेकांशी बोलत नव्हतो.

कारण लिपस्टिक! मंडईत गावातल्या मुलींचा डान्स होता आणि पूर्वाच्या दप्तरात मला लिपस्टिक सापडली. मैत्रिणीबरोबर गोंदियाला गेली होती तेव्हा गुपचूप घेतलेली. माझं डोकं सणकलं. काढून घेतली, कपाटावर ठेवली आणि फर्मान सोडलं, दहावीपर्यंत नाही म्हणजे नाही.

"सगळ्यायच्या आया लावून देऊन राहिल्या, मीच काऊन नाही?" ती म्हणाली. बोलून गेली. मग तिने खोलीचं दार लावून घेतलं.

खरं सांगतो, पोरीला मेकअप कोणत्या वयात चालतो हे मला ठाऊक नाही. नागपूरच्या बहिणीला फोन केला तर म्हणे, "लावू दे ना रे, तुझं काय जाते?" समोरच्या काकू म्हणाल्या, "आतापासून सूट नको देऊ. बिना मायची पोर आहे, लोकं बोलतेत." दोघींचं ऐकून डोक्याचं दही झालं. जिने एका शब्दात निकाल लावला असता, ती भिंतीवर हार घालून बसली आहे...

मंडईच्या सकाळी मी अंगणात चहा पीत होतो, एकटाच. पूर्वा बाहेर आली. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली आणि एक जुना फोटो पुढे धरला.

"बाबा, हे कोण आहे?"

मी पाहिलं आणि चहा अंगावर सांडला. लुगडं, अंबाडा, नाकात नथ, ओठ लालभडक... अरे देवा, मीच!

सांगतो. आमच्या गावच्या दंडारीत बायकांची कामं पुरुषच करायचे. मी गोरागोमटा, मिसरूड फुटलेलं नाही, म्हणून तीन वर्षं मंडईत बाई झालो. तोंडाला सफेदा, ओठांना खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू. आणि काजळ तर मी असं बारीक काढायचो की बाकीचे रांग लावून माझ्याकडून काढून घ्यायचे.

लग्नानंतर सुनीताला हा फोटो सापडला तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. मला लाज वाटली. फेकून दे म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी "फेकला" म्हणून मोकळी झाली.

फेकला कुठे... तिच्या टिकल्या-काजळाच्या डब्यात, अगदी तळाशी, कागदाखाली जपून ठेवला होता. पूर्वा काजळ शोधायला गेली आणि तो हाती लागला. इतकी वर्षं बाई माझ्याशी खोटं बोलली. भांडायचं तरी कोणाशी आता?

पूर्वा हसली नाही. शांतपणे विचारलं, "तेव्हा तुम्ही कितवीत होते?"

"आठवीत," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

तेव्हा कुठे माझं मला कळलं. मी तिचं वय बघून नाही म्हटलंच नव्हतं. मला भीती वाटत होती. ओठ रंगवून ती समोर आली की सुनीता दिसेल... आणि मग एक दिवस लग्न होऊन हीसुद्धा मंडईला येणारी पाहुणी होईल. मी याच अंगणात एकटा चहा पीत बसेन. भीती माझी होती आणि राग लिपस्टिकवर निघत होता.

उठलो. कपाटावरची लिपस्टिक काढली, तिला खुर्चीत बसवलं, हनुवटी धरली. "वर बघ. पापणी हलवू नको." तीस वर्षांनी हातात काजळ घेतलं होतं. रेघ नीट आली. लिपस्टिक अगदी हलकी, बोटाने पसरवून.

तिने आरशात बराच वेळ पाहिलं. "आईपेक्षा बारीक काढता तुम्ही," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "अगं रडू नको, सगळं पसरेल!" मी ओरडलो... आणि मीच आत जाऊन तोंड धुऊन आलो.

मग आमचं ठरलं. सणाला, कार्यक्रमाला हलकं चालेल. शाळेत नाही. आणि माझ्यापासून लपवून काही घ्यायचं नाही. तिने ऐकून घेतलं आणि स्वतःचीही एक अट घातली, काजळ बाबांनीच काढायचं.

डान्स मस्त झाला. तिच्या एका मैत्रिणीच्या आईने मला विचारलं, "कोणत्या पार्लरमध्ये नेलं होतं हो?" मी नुसता हसलो. गर्दीत ओळखीची कितीतरी माणसं होती, पण हे ज्या एका माणसाला सांगायचं होतं ते तिथे नव्हतं. घरी आलो, तर तिथेही नव्हतं. म्हणून इथे लिहून राहिलो.

सुनीता, पोरीने लिपस्टिक लावली. मीच लावून दिली. आणि तू तो फोटो फेकला नाहीस ना... बरं केलंस.