पोखरलेला ओंडका

आर्णीजवळच्या तांड्यावरच्या रंजिताच्या हातांना चैन म्हणून नव्हतं. नागपूरला शिल्पकला शिकून आली, शाळेत चित्रकला शिकवू लागली, तरी घरी पाऊल टाकलं की छिन्नी हातात. आणि तिचं कुठलंच काम कधी ‘झालं’ नाही. अजून थोडं, अजून थोडं करत तिने तीन शिल्पं पार फोडून ठेवली आणि तीन प्रदर्शनं हुकवली. असल्या बाईने ताओ विचाराच्या नादी लागावं, ही गंमतच. निसर्ग धडपड न करता सगळं करतो, भांडं कामाला येतं ते आतल्या पोकळीमुळे, असं ते जुने चिनी लोक सांगून गेले. हिला ते इतकं पटलं की पडलेल्या कडुनिंबाचा ओंडका गोठ्यात आणून तिने आतून पोखरला. साल मात्र होती तशीच ठेवली.

“हे कायले?” तिच्या याडीने, म्हणजे आई हंसाबाईने विचारलं.

“रिकामं हाय म्हणूनच कामाचं हाय, याडी.”

ओंडका नागपूरच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. गाडी यायला आठ दिवस होते आणि रंजिताचे हात पुन्हा शिवशिवू लागले. आतल्या तळाशी एक उंचवटा राहिला होता, तो तिला झोपू देईना. शेवटी तिने छिन्न्या याडीच्या पेटीत कुलूपबंद केल्या आणि गोठ्याकडे फिरकणंच सोडलं. वर्गात खडू मोडले, नखं कुरतडली, पण आठ दिवस काढले.

गाडीच्या दिवशी गोठ्यात गेली, तर ओंडक्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली.

“याडी, हे काय करून ठेवलं?”

“तूच तं म्हणे. चांगली जागा रिकामी पडून होती, बसवली.” हंसाबाईला आपलं काय चुकलं ते कळेचना. “आता हलवू नको. एकदा उठली तं पुन्हा नाही बसत ते. अंडे वाया जाते.”

रंजिताच्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर ड्रायव्हर बाबूसिंग हॉर्न वाजवत होता. ती दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी टोपली घेऊन कोंबडीखाली हात घातला. आत ऊब होती. तो उंचवटा हाताला लागला. अंडी त्याच्याच आधाराने एका जागी राहिली होती.

तिने हात काढून घेतला. गाडी रिकामी परत गेली.

दुपारी नागपूरहून फोन आला. “मॅडम, काम अपुरं राहिलं का?”

रंजिताला रडू येत होतं. “नाही,” ती म्हणाली, “झालं.”