‘क्रिटिकल’चा पहिला अर्थ

एम.ए.ला मी आणि माझी मैत्रीण एका बाकावर बसायचो. पुढे मैत्रीण कॉलेजात इंग्रजीची विभागप्रमुख झाली आणि मी बडोद्यात कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना इंग्रजी शिकवू लागले. शब्दकोशांचं वेड मात्र दोघींचं तसंच राहिलं. माझ्या वर्गातल्या बायका कोशात शब्द शोधायच्या आणि पहिला छापलेला अर्थ उचलून मोकळ्या व्हायच्या. असं का होतं, नवशिक्यांसाठी कोश कसा रचायला हवा, याचा नीट अभ्यास करायचं आम्ही ठरवलं. एका ट्रस्टकडे अनुदान मागितलं. आता सगळं फोनवर मिळतं, कोशावर संशोधन कशाला, असं म्हणून त्यांनी परत पाठवलं.

“त्यांना गरज दिसली पाहिजे,” मैत्रीण म्हणाली. “तुझ्या बायकांना बोलतं कर. रेकॉर्ड करून मला पाठव.”

बायका हौसेने बोलल्या, स्वतःच्या चुकांवर खळखळून हसल्या. एकच जण गप्प होती. मूळची जळगावकडची. तिचा नवरा नंदेसरीला केमिकल कारखान्यात होता. तो गेल्यानंतर ती माझ्याकडे शिकायला आली होती. सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली.

“ताई, माझंपण घ्या.”

तिने सांगितलं, नवरा दवाखान्यात होता. ती अंघोळीपुरती घरी आली तेव्हा त्याच्या साहेबाचा फोनवर इंग्रजीत मेसेज आला. तुझा नवरा क्रिटिकल आहे, एवढाच. मुलीचा शाळेतला कोश काढून तिने पाहिलं. पहिलाच अर्थ होता, दोष काढणारा.

“मला हसू आलं, ताई. म्हटलं, लागले वाटतं परत जेवणाला नावं ठेवायला. म्हणजे बरं वाटतंय. मग मी निवांत बसून खिचडी-कढी केली, त्यांना आवडते तशी. डबा घेऊन पोचले, तर चेहऱ्यावर चादर ओढलेली.”

मग ती म्हणाली, “तुमच्या कामाला येईल म्हणून सांगितलं. चारचौघांत ऐकवू नका.”

मी शब्द दिला. रेकॉर्डिंग पाठवताना मैत्रिणीला बजावलं. तिचा लगेच फोन आला, रडतच होती. “अगं, हे काय सांगायला हवं? हे आपल्या दोघींतच राहील.”

ट्रस्टने पुन्हा बोलावलं. मैत्रीण म्हणाली, बायकांनाही आण, त्यांचा मान आहे. म्हणून आम्ही सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून गेलो. हॉलमध्ये एसी होता, पुढच्या रांगेत ट्रस्टी बसले होते. मैत्रीण छान बोलली. मग म्हणाली, “आता एका शिकणाऱ्या बहिणीचा अनुभव ऐका,” आणि स्पीकरमधून तो आवाज आला.

“मला हसू आलं, ताई. म्हटलं, लागले वाटतं परत जेवणाला नावं ठेवायला. म्हणजे बरं वाटतंय.”

तिथेच थांबवलं. हॉल हास्याने दणाणून गेला. एक ट्रस्टी तर मांडीवर थाप मारून हसले. मैत्रीणही स्टेजवर हसत होती, आमच्या रांगेकडे न बघता.

जळगावकडची माझ्या शेजारीच बसली होती. मला वाटलं, आता उठेल, रडेल. ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, “ताई, पुढचं का नाही ऐकवलं?”

मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला. आम्ही सगळ्या उठून बाहेर आलो.

कार्यक्रम संपल्यावर मैत्रीण बाहेर आली ती आनंदातच. “त्यांनी हो म्हटलं! अगं, अनुदान मिळालं!”

“तू मला काय म्हणाली होतीस?”

“नाव कुठे घेतलं मी तिचं? आणि पुढचं ऐकवलं असतं तर सगळे अवघडून बसले असते. अवघडलेली माणसं पैसे देत नाहीत, हसलेली देतात. इतकी वर्षं हेच हवं होतं ना तुला?”

मी प्रकल्पातून माझं नाव काढून घेतलं. माझ्या फोनमधलं रेकॉर्डिंग पुसलं आणि तिलाही पुसायला सांगितलं.

“ते आता प्रकल्पाचं आहे,” ती म्हणाली. “मला एकटीला नाही पुसता येणार.”

आता काम जोरात चाललंय म्हणतात. बहुधा चांगलंच होत असेल, कोश तिला कळतो. माझा वर्गही चालू आहे, जळगावकडची मात्र परत आली नाही. मी तिच्या घरी जाऊन आले. तिने दारातच चहा विचारला, आत या म्हणाली नाही. परवा भाजीच्या हातगाडीपाशी भेटली. पूर्वी माझ्याशी ती तिच्या गावाकडच्या मराठीत भरभरून बोलायची. आता वांगी निवडता निवडता म्हणाली, “केम छो, बेन?” आणि भाजीवाल्याशी बोलावं तसं माझ्याशीही सगळं गुजरातीतच बोलली.