समासातले रंग

या देशातल्या हिवाळ्यात दुपारीच अंधारून येतं, म्हणून सरांचं आजचं पत्र मी खिडकीच्या काचेला टेकवून पाहतोय. मजकूर वाचून झाला. आता बघतोय तो समास.

कोल्हापुरात सरांनीच मला ब्रश धरायला शिकवला. चित्राला रंग लावण्याआधी तो हाताशी असेल त्या कागदावर लावून बघायची त्यांची सवय, आणि हाताशी बहुतेक वेळा मला लिहायला घेतलेलं पत्रच असायचं. ओल्या विटेचा तांबडा दिसला की समजायचं, घाट रंगवताहेत. उसाचा पोपटी आला की शिवारात जाऊन आलेत. इथल्या करड्या आभाळाखाली मी त्या डागांवर जगलो.

आजचा समास कोरा आहे. एक ठिपकासुद्धा नाही.

मजकूर मात्र नेहमीचाच. 'प्रकृती ठणठणीत. काम जोरात. तू तुझं बघ.' लांबच्या माणसाला घोर नको म्हणून सगळे असंच लिहितात. मीही त्यांना असंच लिहितो. दोघंही वर्षानुवर्षं सुखरूप, आणि खरं काय ते तेवढे डागच सांगायचे. नजर गेली का त्यांची? हात उचलत नाही का? विचारलं तर पुन्हा 'ठणठणीत' येईल.

शेवटी उत्तर लिहायला घेतलं.

'सर, मजकूर नको. कोऱ्या कागदावर फक्त ब्रश पुसून पाठवा. रंग नसला तर नुसत्या पाण्याचा फिरवा. कागद सुरकुतलेला मला इथे कळेल.'